हलणारा दात

जाताना त्याचा खालचा, पुढचा दात हलत होता.
तेवढं मी पोलिसांना सांगितलं नाही.
उंची सांगितली, निळं जॅकेट, डाव्या भुवईवरचा व्रण,
पासपोर्टचा नंबर तर तोंडपाठ.
साहेबानं पेन खाली ठेवलं.
बाई, बापाबरोबर आहे ना पोर? मग हरवलं कुठे?

खरंच, याला शब्दच नाही.
हरवला म्हणावं, तर पत्ता माझ्या वहीत आहे:
गोथेनबर्ग, तिसरा मजला, दारावर हेनिंगचं आडनाव.
गेला म्हणावं, तर जीभ झडो माझी.
सुट्टीला गेलाय, असं शेजारच्या एदुविहेसला सांगत राहिले.
मार्चमध्ये शाळा सुरू झाली.
तिनं विचारणं सोडलं. येताना पाव आणते, ठेवून जाते.

तीन आठवड्यांसाठीची सही मीच केली होती,
नोटरीसमोर, छान गोल अक्षरात.

मी टेकडीवरची लिफ्ट चालवते.
वाल्पाराइसोत असे लाकडी डबे अजून आहेत:
एक वर चढतो तो दुसऱ्याच्या उतरण्याच्या जोरावर,
मधोमध दोघे क्षणभर समोरासमोर येतात,
आतली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि झालं.
बाल्तासारला वाटायचं,
एक दिवस समोरच्या डब्यात तोच असेल
आणि स्वतःलाच हात करील.

परतायचा रविवार ठरलेला होता.
डबा वर आला. आत गॅसची टाकी घेतलेला म्हातारा,
आणि एक कुत्रा, जो उतरलाच नाही.
साडेदहापर्यंत मी प्रत्येक डबा पाहिला.
मग दोर थांबवला.
दुसरं काय माझ्या हातात होतं थांबवण्यासारखं?

हेगच्या कराराखाली अर्ज केलाय.
वकीलबाई म्हणतात, धीर धरा.
धीर काय दोर आहे, धरायला?
दोराची तरी काळजी घेतात. महिन्यातून एकदा माणूस येतो,
फडक्यानं ग्रीस पुसतो,
तुटलेल्या तारा बोटानं मोजतो, वहीत लिहितो.
ठरावीक तुटल्या की दोर बदलतात.

मंगळवारी चर्चमागच्या खोलीत आम्ही सहाजण बसतो.
एक मुलगी येते मानसशास्त्र शिकलेली,
म्हणते, श्वास घ्या, दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं सांगा.
खुर्ची. खुर्ची. खुर्ची. खिडकी.
पाचवी मला सापडत नाही.
ओनोफ्रेची मुलगी अकरा वर्षं लिमाला आहे.
तो फार बोलत नाही. एकदा जिन्यात म्हणाला,
फोन लागला तर रडू नकोस.
कधी येणार, हे तर अजिबात विचारू नकोस.
दुपारी काय खाल्लंस ते विचार.

चौदाव्या आठवड्यात लागला.
सात मिनिटं. मागच्या भिंतीवर हेनिंगची सावली.
काय खाल्लंस?
मासे. आणि बटाटे. नेहमी बटाटे.
हसला तेव्हा दिसला:
फटीतून अर्धा वर आलेला नवा दात,
करवतीसारख्या धारेचा, त्याच्या तोंडाला मोठाच.
मला न विचारता आलेला.

जुना कुठे ठेवलास? उशीखाली? उंदीर आला होता?
तो थोडा थांबला, शब्द शोधत,
माझ्याच भाषेतला शब्द.
इथे उंदीर येत नाही, आई. इथे ग्लासात ठेवतात. पाण्यात.
मग सकाळी नाणं असतं.

हो का, म्हटलं. छान.
(ओनोफ्रे, बघ, नाही रडले.)
त्याच्या इथल्या उशीखाली शंभर पेसो आहेत,
चादर बदलताना उचलते, परत ठेवते,
पण ते सांगायची ही वेळ नव्हती.
सावली हलली. घड्याळ बघत असावी.

आई, बाजूचापण हलतोय.
दाखव.
त्यानं जिभेनं ढकलून दाखवला,
फोनच्या इतका जवळ येऊन
की सगळा पडदा काळा झाला,
आणि मी म्हणत राहिले,
दिसतोय, दिसतोय.